माझ्या नावाची पत्रं

मी पुस्तकांची बांधणी करते. तीस वर्षांत एक पान उलटं लागून माझ्या दुकानातून गेलेलं नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणायचा, ही नाकावर माशी बसू देत नाही. खरंय ते. आईच्या आजारपणात त्याला नको नको ते बोलले मी, आणि अकरा वर्षं आमचा अबोला. फोन उचलायचं कितीदा मनात आलं, पण आधी कोण करणार?

तर मंगळवारी सकाळी ईमेल उघडलं आणि दीडशे अनोळखी लोकांच्या शिव्या! म्हणे मी त्यांना वजन उतरवायच्या गोळ्या विकतेय. माझं डोकंच फिरलं.

"आई, तुझ्या खात्यात कुणी शिरलेलं नाही," लेक म्हणाली. "पाकिटावर पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच आहे हे. दुर्लक्ष कर, थांबेल."

दुर्लक्ष कर म्हणे! नाव माझं आहे. मी खळीचा डबा बंद केला, हात पुसले आणि बसले. एकच मजकूर लिहिला: "तुम्हाला आलेलं पत्र माझं नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. त्रासाबद्दल क्षमस्व." तोच एकेकाला डकवत गेले. शिव्या कोण वाचत बसतंय?

दुपारी संपलं एकदाचं. चहा घेताना सहज यादी वर सरकवली आणि कप खाली ठेवला.

दादाचं उत्तर होतं. "गोळ्यांचं काही कळलं नाही गं. पण तुझं पत्र आलं, फार बरं वाटलं. वजन म्हणशील तर हल्ली आपोआपच उतरतंय. तू कशी आहेस?"

आणि त्याखाली मी. मी तुम्हाला ओळखत नाही.

मला रडूच फुटलं. लेकीने काही न विचारता फोन हातात दिला. नंबर मला अजून पाठ होता.

"दादा, मी बोलतेय. ते दुसरं पत्र माझं नाही. माझ्या नावाने भलत्याच कुणीतरी पाठवलंय."

आवाज केवढा बारीक झाला होता त्याचा.

"आणि पहिलं?"

"पहिलं माझंच."

"म्हणजे गोळ्या तू विकतेस?"

"विकते," मी म्हणाले. "पण तू घ्यायच्या नाहीस. मी जेवणाचा डबा घेऊन येतेय."