एक वर्षाची गॅरंटी

लहानपणी बहिणीची बडबड थांबायची नाही म्हणून दादाने तिचं नाव टकळी ठेवलं होतं. आता आजाराने तिची वाचाच गेली होती. ती एका बोटाने टाइप करायची आणि कॉम्प्युटर ते वाचून दाखवायचा. त्यात प्रोसेसरवरचा कूलर बिघडला. पाच-दहा मिनिटांत प्रोसेसर तापायचा आणि टकळीचं वाक्य अर्धवट सोडून कॉम्प्युटर बंद पडायचा. थट्टेलाही काही सुमार असतो.

दुकानदाराने दोन कूलर पुढे ठेवले. “हा मोठा घ्या, सहा वर्षं बघायला नको. हा छोटा स्वस्त आहे, तुमच्या मशीनला बसेल, पण गॅरंटी वर्षाचीच.”

“वर्ष पुष्कळ झालं,” दादा बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. औषधपाण्यापुढे हात आखडला होता हे खरं, पण बोलण्यामागचं कारण ते नव्हतं. टकळी पुढचा उन्हाळा बघणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते त्याने पोटातच ठेवलं होतं.

घरी आल्यावर त्याने प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी, आता वाळलेली जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, छोटा कूलर बसवून चारी स्क्रू आवळले. पंखा जरा घरघरला, पण फिरू लागला. टकळीने रिकामा खोका मांडीवर ओढला आणि वाचत बसली. तिला वाचायला काय, औषधाचं वेष्टणही चालायचं.

“एकच वर्ष?” कॉम्प्युटरने विचारलं.

“दुकानात तेवढाच होता.”

थाप होती, आणि तीही लेचीपेची. हा माणूस साधा झाडू घेताना दुकानदाराचा जीव खायचा. टकळीने स्वस्तातलं काही आणलं की तिची खरडपट्टी निघायची. घ्यायची तर जन्मभर टिकणारी वस्तू, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

ती टाइप करत राहिली. दादा उगाच वायरी सारख्या करत बसला.

“दादा, डॉक्टर तुला काय म्हणाले?”

“कधी?”

पुन्हा तिचं बोट चालू लागलं, एकेक अक्षर. कालपर्यंत एव्हाना कॉम्प्युटर बंद पडला असता आणि दादा सुटला असता. आज मेला छान चालत होता.

“वर्ष तरी म्हणाले का?”

आवाजात ना राग, ना रडू. यंत्राला ते कुठून येणार? टकळी मात्र त्याच्याकडेच बघत होती. त्याला ती नजर सोसवेना.

“नाही,” दादा म्हणाला.