सोड्याच्या वायूवरचं गवत

शेतकी खात्यातल्या राधाकृष्ण साहेबांना मातीतलं सगळं कळत होतं, माणसांतलं काडीचं कळत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात केडगावच्या वरच्या गायरानावर त्यांनी प्लास्टिकच्या कागदाचे चार आडोसे उभारले, वरून उघडे. दोन आडोशांत ते नगरच्या सोडावॉटरच्या कारखान्यातून आणलेला वायू सोडायचे. पाणी एकालाही नाही. तरी त्या दोनांत गवत हिरवं राहिलं, बाकीच्या दोनांत जळून गेलं.

"हा वायू जगभर हवेत वाढत चाललाय," ते सांगायचे. "तो जास्त मिळाला की गवत पाणी कमी पितं, ओल मातीत टिकते. अशा कोरड्या जमिनीचं पुढं काय होईल, ते बघतोय."

घागरभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्यांना हे ऐकवायचं! माझ्या नवऱ्याचं, आमच्या मालकांचं, डोकंच फिरायचं. एक बैल गेला होता आणि दुसरा गोठ्यात बसला तो उठत नव्हता. तो गेला तर आमचा नांगर कायमचा भिंतीला लागणार होता.

त्यात माझे चुलतसासरे, कानिफनाथ तात्या, पाणाड्या. गावातल्या विहिरी त्यांच्याच शब्दावर खणलेल्या. ते तळहातावर आडवा नारळ घेऊन हिरव्या आडोशापाशी गेले आणि नारळ ताडकन उभा राहिला.

"मच्छिंद्रा, खाली झरा हाय! साहेब लपवतोय!" ते मालकांना म्हणाले.

मालकांनी कुदळ उचलली. साहेब आडवे आले, तर कुदळीचा दांडा त्यांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते पडले तरी मालकांचा पाय धरून ओरडत होते, "अरे, खाली काही नाही!" मालकांनी त्यांच्या तोंडावर लाथ घातली. मला साहेबांचा राग होता, पण इतका नव्हता.

मालक दोन्ही हिरव्या आडोशांचे कागद फाडून खणत सुटले. वीतभर ओलसर माती निघाली, मग मुरूम, मग पांढरी चुनखडी, कोरडी ठक्क. उकरलेली माती ते मागं फेकत होते.

"आनखी खाली हाय," तात्या म्हणाले.

"कुठं हाय? दाव की!" मालकांनी त्यांची मान धरून तोंड खड्ड्यात दाबलं. म्हातारा गुदमरून पाय झाडायला लागला.

"जी ओल होती ती वरच होती," साहेब रक्त थुंकत म्हणाले. "ती तू उन्हात फेकलीस."

मी मागं वळले. गवत कुठंच दिसत नव्हतं. बैलाला दोन दिवस पुरलं असतं असं हिरवं गवत ह्या माणसानं स्वतःच्या हातानं मातीखाली गाडलं होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी दगड उचलून मालकांच्या पाठीत घातला.

"सोडा त्यास्नी! बैलाला गवत पायजे हुतं, गवत! त्येच पुरलं तुमी!"

त्यांनी तात्यांना सोडलं. ढिगाकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. नखं उलटली तरी थांबले नाहीत. मीही उपसलं. चिरडलेलं, मातकट गवत पदराच्या ओट्यात घेऊन आम्ही घराकडं पळालो.

बैल आडवा झाला होता. मी गवत त्याच्या नाकाशी नेलं. त्यानं वास घेतला, पण तोंड उघडलं नाही.