ड्यूटी-फ्रीच्या दोन बाटल्या

गुरुप्रसादच्या डोक्यावर अजून धड केस आले नव्हते. विमान सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टेकलं, त्याने फोन चालू केला, तर ‘द्राक्षबाग’ ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि त्याखाली निशिकांतची ओळ : “गुरू, काळजी घे रे. टर्मिनल कुठलं? चिलीच्या त्या लाल वाईनवर ऑफर आहे. दोन घे.”

‘द्राक्षबाग’ म्हणजे सिंगापुरातल्या मराठी आयटीवाल्यांचं टोळकं. इथे दारूवर कर असा की बरी वाईन स्वस्तात मिळवायची तर माणसाला शिकारीच व्हावं लागतं. म्हणून त्यांचा नियम : बाहेरून जो परत येईल त्याने विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीतून दोन बाटल्या आणायच्या. सरकारची अट एवढीच की तो दोन दिवसांहून जास्त बाहेर असावा आणि मलेशियातून आलेला नसावा. मग कुणी लग्नाहून येवो, कुणी बारशाहून. गुरुप्रसाद बापाला जाळून आला होता. सरकारच्या अटीत तेही बसत होतं.

फोन खिशात टाकून सरळ निघून गेला असता तो. पण निशिकांत नुसता ग्रुपवाला नव्हता. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात तो त्याचा मॅनेजर होता. “आपल्यात कसला बॉस रे!” म्हणणारा मॅनेजर, हा प्रकार सगळ्यात घातक. बाप पुण्यात आयसीयूत होता तेव्हा गुरुप्रसादने तीनदा रजा मागितली. तिन्ही वेळा निशिकांतने खांद्यावर हात ठेवला. “सॉफ्टवेअर रिलीज होऊ दे, मग हवा तेवढा राहा.” रिलीज झालं, आणि त्याच रात्री बाप गेला. गुरुप्रसादला भेटला तो शवागारातला बाप.

आता टीममधली माणसं कमी होणार होती आणि कुणाला ठेवायचं हे निशिकांत ठरवणार होता. नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला. पास गेला की हौगांगचा भाड्याचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळंच.

दुकानातून त्याने बायकोला फोन लावला.

“घेऊन टाक ना,” योगिनी म्हणाली. “दोन बाटल्यांनी काय होतंय?”

“बाबांचं तेरावं आत्ता झालंय, योगिनी.”

“मला कळत नाही का ते? पण जाईच्या शाळेची फी कोण भरणार, तुझा राग?”

त्याने घेतल्या. काउंटरवरच्या चिनी बाईने त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. “यू मंक आह? मंक कॅन ड्रिंक मेह?”

“नो. माय फादर डाइड.”

“आयो. सो सॉरी, हॉर.” तिने बाटल्यांना आणखी एकेक कागद गुंडाळला.

शनिवारी संध्याकाळी निशिकांतच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत सगळे जमले. जाताना लिफ्टमध्ये गुरुप्रसादने मनाशी ठरवलं : निशिकांतने एकदा विचारलं, ‘शेवटी काय झालं रे?’, तर सगळं गिळायचं. ती रजासुद्धा. आपल्याला दुसरं काही नको.

दारातच निशिकांतने पिशवी घेतली. “आला रे आपला शांतिदूत! काय चकाकतंय डोकं!” लोक हसले. योगिनीही हसली, ओठांपुरती.

बाटली उघडली. निशिकांतने ग्लास फिरवला, नाक खुपसलं, डोळे मिटले. मग रुचिर नावाच्या नव्या पोराने फोनवर बाहेरचा भाव काढला आणि एकच गलका झाला. अर्ध्या किमतीत! काय बॉडी आहे! मटणाबरोबर काय लागेल! तासभर तेच. चिलीच्या डोंगरांची चौकशी झाली, तिथल्या मातीची झाली, तिथल्या उन्हाचीही झाली.

“गुरू,” निशिकांतने शेवटी हाक मारली, तसा गुरुप्रसाद पुढे सरकून बसला. “ऐक. ही ऑफर पुढच्या महिन्यापर्यंत आहे. तू एक चक्कर मारून ये ना इंडियाला. चार दिवस पुरे. योगिनीला घेऊन जा, म्हणजे चार बाटल्या. रजेचं मी बघतो.”

“रजा देशील?”

“अरे, दिली! मागायची काय त्यात?”

“कुणाकडे जाऊ?” गुरुप्रसाद म्हणाला. “आई आधीच गेली. आता तिथे कुणी नाही.”

“मग तर बरंच की. कुठे अडकायला नको.”

निशिकांत हे दुष्टपणाने बोलला नव्हता. त्याने खरोखरच सोय पाहिली होती. हरामखोरपणा बहुतेक असाच असतो, हसरा आणि सोयीचा.

गुरुप्रसाद उठला. न उघडलेली दुसरी बाटली त्याने टेबलावरून उचलली.

“अरे, ती कुठे?”

“तीनदा मागितली होती मी रजा. बाप जिवंत होता तेव्हा. ती नाही दिलीस. आज बाटलीसाठी देतोस.” त्याचा आवाज चढला नाही, फाटला. “ही माझ्या बापाच्या तेराव्यावरून आणलीय. तुझ्या घशात नाही जायची.”

कुणी ग्लास खाली ठेवला नाही. “गुरू, बस ना,” योगिनी पुटपुटली. तो बसला नाही. तेव्हा तिने पर्स उचलली आणि त्याच्यामागून निघाली.

परतताना एमआरटी मेट्रोत बाटली त्याच्या पायांशी होती. दोन स्टेशनं गेल्यावर योगिनीचा फोन वाजला. ग्रुपवरून त्याला काढलं होतं, तिला तेवढं ठेवलं होतं. मग त्याचा वाजला. सोमवारी सकाळची मीटिंग. निशिकांत आणि एचआर. विषयाची जागा रिकामी.

योगिनीने वाचलं. फोन तिने त्याच्या हातात परत दिला.

“बाबा शेवटी काय म्हणाले होते?” तिने विचारलं.

“मला काय माहीत,” गुरुप्रसाद म्हणाला. “मी इथे होतो.”