आधी टेप

मला गँगची पुढारीण केलं ते मी शहाणी होते म्हणून नव्हे. बावीस माणसांत टेपवरचे आकडे वाचता येणारी मी एकटीच होते, म्हणून. लग्नाआधी माझी सातवी झाली होती. थोरली जाऊ सोनाबाई तर सगळ्यांदेखत म्हणाली, "शाळंत गेली म्हनून मालाला पुढारीन केली व्हय? कुदळ धरायची अक्कल आमाला हाय की!" ती काही खोटं बोलत नव्हती. कुदळीला तिच्यासारखा हात मोडनिंबच्या त्या टापूत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. शेतात कुसळही नव्हतं. माझा नवरा सोलापूरला मिलमध्ये बदली कामगार, म्हणजे आज काम तर उद्या घरी. म्हणून आम्ही दोघी जावा सरकारी तलावाच्या खोदकामावर जात होतो. तीस गँगा, तीस खड्डे, दर सोमवारी नवे. माती खोदायची, बांधावर नेऊन टाकायची आणि शनिवारी खड्डा किती खोल गेला त्यावर आठवड्याची मजुरी.

पण सगळीच जमीन खोदून काढल्यावर ती आधी किती उंच होती हे कळायचं कसं? त्यासाठी प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा हातभर रुंद खांब तसाच सोडायचा. माथ्यावर जुनं वाळलं गवत असायचं, ते कुणी उपटायचं नाही. ह्या खांबाला आम्ही साक्षीदार म्हणायचो. त्याला टेप लावली की खोली कळते. साधी गोष्ट आहे.

साधी गोष्ट मिस्त्रीला परवडत नव्हती. माप घेणारा मानसिंग मिस्त्री शनिवारी सकाळीच यायचा आणि ओरडायचा, "चला, साक्षीदार पाडा! खड्डा साफ करा, मग मोजतो." खांब एकदा पडला की तो काठावर उभा राहून डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "अडीच फूट." झालं, अडीच. उरलेली माती तो कागदावरच्या खोट्या गँगच्या नावावर लिहून तिची मजुरी खिशात घालायचा. कोण भांडणार? पाडलेला साक्षीदार काही बोलायला येत नाही.

तीन शनिवार मीही गप्प बसले. टेप वाचता येणारी पुढारीण, आणि टेप लागायच्या आत खांब पाडायला मीच माणसं लावली. ती लाज अजून जात नाही.

चौथ्या शनिवारी मी म्हणाले, "आदी टेप, मग टिकाव."

मिस्त्रीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हनलीस?"

"टेप लागल्याबिगर आमचा साक्षीदार पडायचा न्हाय."

"साहेबांचा हुकूम हाय, बाई."

"मग साहेबांनीच येऊन पाडावा."

तो हसला. म्हणाला, "साहेब येनार हायतच दुपारी. तुजी गँग मस्टरावरनं काढायलाच लावतो." आणि बाकीच्या एकोणतीस खड्ड्यांतले खांब पाडत निघून गेला. आमची गँग उन्हात बसून राहिली. गँगमधले म्हातारे आप्पा मला म्हणाले, "पोरी, मस्टरावरनं नाव गेलं तर दुसरं काम कुटं हाय? खायचं काय, तुजी टेप?" पण मी खांबाला टेकून बसले ती उठले नाही.

दुपारी पाणी प्यायला म्हणून मी बांधावर गेले. परत येते तर खांबाच्या गळ्याशी ओलसर पट्टा. हात लावला तर माती थंड. कुणीतरी माथ्यावरचं गवत अलगद उचलून, खाली चिखलाचा वीतभर थर देऊन, गवत पुन्हा जागच्या जागी बसवलं होतं. ह्याला साक्षीदाराला टोपी घालणं म्हणत. सोनाबाईची नखं चिखलानं भरलेली होती.

"अक्का, ह्ये काय केलंत?"

"त्यो फूट फूट खातोय," ती म्हणाली, "आपन वीतभर घेतली तर आभाळ कोसळतंय व्हय? माजी दोन लेकरं घरी हायत. तुला लेकरू न्हाय, तुला कळायचं न्हाय."

हे मला लागलं. आणि मी उत्तर द्यायच्या आत जीप आली.

साहेब सोलापूरचे, तरुण, डोक्यावर हॅट. मिस्त्रीनं तक्रार सांगितली. साहेब मला म्हणाले, "टेप धर." मी खालचं टोक धरलं. त्यांनी वर वाचलं. "सव्वाचार फूट! मानसिंग, तुझे खड्डे तर अडीचच्या वर कधी जात नाहीत. ह्यापुढे साक्षीदारावरूनच लिहायचं. तो खोटं बोलत नाही."

मिस्त्रीचं तोंड पडलं. गँगमधून कुणीतरी हसलं. मी गप्प बसले असते तर तिथंच जिंकले होते. खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असं वाटलंही. पण 'तो खोटं बोलत नाही' हे शब्द ऐकले आणि पुढचं सगळं डोळ्यांपुढं आलं. पुढच्या शनिवारी तीस खड्ड्यांत तीस टोप्या दिसल्या असत्या. एक पकडली गेली की साक्षीदाराचा भरवसा संपला, मग पुन्हा मिस्त्रीचे डोळे आणि अडीच फूट.

"थांबा साहेब," मी म्हणाले आणि कुदळीच्या पात्यानं माथा खरवडून काढला. चिखल घसरला. "वरची वीत आमची न्हाय. आता मोजा."

साडेतीन भरले.

मिस्त्री टाळी वाजवायचाच बाकी होता. "बगा साहेब! चोर हायत समदे!"

"व्हय, चोरी हाय," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "आमची वीतभर, आन् मी सांगितली. आता तुमची तुमी सांगा, मिस्त्री. तीन शनिवार आमचा खड्डा अडीचच कसा भरला?"

साहेबांनी वहीत साडेतीन लिहिले, आणि चोरीबद्दल आमची गँग दोन दिवस बंद केली. मिस्त्रीला म्हणाले, "आधी टेप लावत जा." एवढंच. जीप गेली.

शिव्या मला पडल्या. आप्पा म्हणाले, "दुसरा पुढारी बगू." मी गँगची टेप त्यांच्या पुढ्यात टाकली. मी म्हणाले, "बगा की. पर खोटं मोजायचं असंल तर टेप कशाला पायजे? मिस्त्री हायच की." टेप कुणी उचलली नाही, पण माझ्याशी बोलायलाही कुणी आलं नाही. सोनाबाई आमच्या एकाच चुलीवर भाकरी थापून माझ्यासमोर ताट आदळायची, तोंडातून अक्षर नाही.

पुढचा शनिवार. साहेब नव्हते. मिस्त्री टिकाव खांद्यावर घेऊन थेट आमच्या खड्ड्यात उतरला. "पाडा!"

मी तोंड उघडायच्या आत सोनाबाई पदर खोचून खांबापुढं उभी राहिली होती. "आदी टेप."

"बाजूला हो, बाई!"

"माथा चांगला चाचपून बगा. टोपी दिसली तर मीच पाडते. न्हाय दिसली तर हात लावून दाखवा." तिच्यामागं आप्पा उठले, मग आमची सगळी गँग. शेजारच्या खड्ड्यातला टिकावाचा आवाज थांबला, मग त्याच्या पलीकडचाही.

मिस्त्रीनं टिकाव खाली ठेवला आणि खिशातून टेप काढली.

सोनाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "माला, तुज्याशी मी बोलत न्हाय. ये, खालचं टोक धर."