शुद्ध माल

या जगात कोणीच कोणाला कायमचे चिकटून राहत नाही, हे सत्य आमच्या रंगाच्या कारखान्यात साबणाने सिद्ध केले. अकरा वर्षे एकाच खुर्चीला चिकटलेल्या साहेबांना ते पटणे अवघडच होते.

मला लेकीच्या बाळंतपणासाठी रजा हवी होती आणि नमुना पास झाल्याशिवाय ती मिळणार नव्हती. नमुना म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक कणांचे पांढरे दूध.

"यातला साबण काढून टाका. माल शुद्ध हवा," साहेब म्हणाले.

"साहेब, तो कणांवर बसतो म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. पाण्यातला साबण काढला, की कणांवरचाही उठून पाण्यात येतो."

"मला शिकवू नका."

कण आत राहतील आणि साबण तेवढा झिरपून जाईल अशा पिशवीत नमुना भरून मी ती पाण्यात बुडवली आणि चार दिवस बाहेरचे पाणी बदलत राहिलो. पाचव्या दिवशी तो बरणीत ओतून काचेच्या कांडीने ढवळला, तर सगळे कण गळ्यात गळे घालून बसले. दुधाचा गोळा झाला. साहेबांनी तो बोटाने दाबून पाहिला.

"पहिल्यापासून करा. रजेचं नंतर बघू."

"करतो. तेवढी बरणी घट्ट धरता का? कांडी आत अडकलीये."