ज्याने तो गोल पाहिला

बाकड्यावरच्या पाटीचा मजकूर मिस ओकाफोरने फोनवर वाचून दाखवला, तेव्हा बेरिल स्वयंपाकघरात बटाटे सोलत उभी होती. "डेनिस ट्रँटर. ज्याने तो गोल पाहिला." मिस ओकाफोर म्हणजे बांधकाम कंपनीतली मुलगी, फार गोड बोलायची. पितळी पाटी सोमवारी कोरायला जाणार आहे, तोवर काही बदलायचं असेल तर सांगा, म्हणाली. बेरिलने छान आहे म्हणून फोन ठेवला आणि सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

छान कसलं, कपाळ! डेनिसने तो गोल पाहिलाच नव्हता.

ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक गेल्या हिवाळ्यात गेला. उरली ती एकटी. आता हे खोटं पितळेत कोरून ऊनपावसात कायमचं उभं राहणार, आणि तिने तिथे जाऊन त्याला पाठ टेकून बसायचं. नवऱ्याच्या आठवणीसाठी म्हणून जायचं आणि तो जिथे नव्हताच तिथे बसायचं. खरं सांगावं, तर मेलेल्या माणसाला त्याच्या दोस्तांसमोर खोटारडा ठरवायचं.

कॉपर्स लेनचं मैदान आता राहिलेलं नाही. थॉर्नली अ‍ॅथलेटिकचा क्लब बायपासजवळच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, प्रत्येकाला आपला नंबर आहे आणि वारा थेट हाडात शिरतो. जुन्या मैदानावर विटांची घरं झाली, सगळी एकाच साच्यातून काढलेली. मधे हिरवळीचा एक तुकडा राखला होता. तिथे, जुन्या गोलच्या जागेवर, एक बाकडं ठेवू, त्यावर तुमच्यातल्या कुणाचं तरी नाव घालू, असं कंपनीने औदार्याने कळवलं. म्हाताऱ्यांनी एकमताने डेनिसचं नाव दिलं. एकमताने म्हणजे अल्फी सोडून; त्याला स्वतःचं नाव हवं होतं, पण तो अजून जिवंत असल्याने जरा अडचण होती.

डेनिसच का, तर त्या गोलामुळे. कपाच्या सामन्याला उत्तरेकडची पहिल्या डिव्हिजनची टीम आली होती. त्यांच्या नुसत्या बसकडे बघायला अर्धं उपनगर रस्त्यावर उभं होतं. आणि मिकी डोलनने, घरोघर दूध टाकणाऱ्या मिकीने, ज्याने त्याआधी आणि त्यानंतर जन्मात कधी गोल केला नाही त्या मिकीने, दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच डोक्याने गोल केला आणि त्यांना घरी पाठवलं. टीव्हीवाले आले नव्हते. पेपरचा फोटोग्राफर नेमका फिल्म बदलत होता. त्यामुळे तो गोल उरला फक्त लोकांच्या तोंडात, आणि सगळ्यात चांगला उरला तो डेनिसच्या. पबमधल्या टेबलावर मीठदाणी म्हणजे मिकी, मिरपुडीची डबी म्हणजे त्यांचा गोलकीपर. चेंडू चिखलात जड होऊन कसा आला, मिकीने डोळे कसे गच्च मिटले, आपल्या कपाळाला काय लागलं हे त्याला स्वतःला कसं सगळ्यात शेवटी कळलं. एरवी घरात चार शब्द बोलायचे तर तीनच बोलणारा माणूस, पण हे सांगताना त्याच्या अंगात यायचं. नवखी पोरंसुद्धा ग्लास खाली ठेवून ऐकायची.

कॉपर्स लेनवर एक रीत होती. आपली टीम ज्या गोलवर चाल करते त्या गोलच्या मागे आपण उभं राहायचं. मग मध्यंतर झालं की अख्खी गर्दी चालत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. पाहुण्यांची गर्दी समोरून येणार, टोमणे मारत मारत एकमेकांना ओलांडायचं आणि जागा बदलायच्या. समोरच्या कॅप्टनने टॉस जिंकून मुद्दाम बाजू फिरवली, की सामना सुरू व्हायच्या आधीच एक फेरी, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. तिकडे जायला वाटा दोन. एक छपराखालून, कोरडी आणि जवळची, ती सगळ्यांची. दुसरी उघड्यावरून, चिखलातून, आणि त्या वाटेवर चहाची टपरी.

टपरीत बेरिल आणि तिची मावशी असायच्या. रांगेमुळे कुणाला खेळ दिसेनासा होऊ नये म्हणून टपरीची खिडकी मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे काढलेली होती. बेरिलने तिथे वर्षानुवर्षं चहा ओतला आणि डोळ्यांनी एक गोल पाहिला नाही. तिला सगळं कानांनी कळायचं. आपला गोल, त्यांचा गोल, हुकलेली पेनल्टी, प्रत्येकाचा आवाज वेगळा. त्या आवाजांवरून किटली केव्हा चढवायची ते ठरायचं.

आणि मिकीचा गोल झाला तेव्हा डेनिस त्या खिडकीशी उभा होता. तिची मैदानाकडे पाठ, आणि त्याच्यासमोर मैदानाच्या आड अख्खी टपरी.

शनिवारी पबच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्यांची नेहमीची बैठक होती. बेरिल सहसा जायची नाही. डेनिस असताना तो त्याचा कोपरा होता, आणि तो गेल्यावर तिथे जाऊन त्याची रिकामी खुर्ची कशाला बघा. पण सोमवार तोंडावर आला होता. तिने चांगला कोट चढवला आणि गेली.

सगळे उठून उभे राहिले. बस चालवून निवृत्त झालेल्या अगडबंब गॉर्डनने खुर्ची पुसून दिली. आयुष्यभर तो मैदानात डेनिसच्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता, आणि डेनिसची शवपेटी उचलतानाही त्याने उजवी बाजूच धरली होती. कुणी शेरी मागवली, कुणी गुडघ्यांची विचारपूस केली. मग गप्पांची गाडी आपोआप कॉपर्स लेनवर गेली. छपरातून नेमकी अल्फीच्या मानेवर गळणारी धार, चेंडू परसात गेला की चिरलेला परत फेकणारी मिसेस हॅकेट, गोलकीपरच्या आईने पंचाला छत्रीने कसं मारलं. बेरिल हसली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बरं वाटत होतं, आणि म्हणून तोंड उघडणं आणखीच जड झालं.

शेवटी अल्फीने मीठदाणी ओढली. मिकीचा गोल सांगायला घेतला आणि पार वाट लावली. चेंडू डावीकडून आला म्हणाला.

"उजवीकडून," बेरिल म्हणाली. "आणि मिकीने डोळे मिटले ते तू खाऊनच टाकलंस."

"ऐका," अल्फी म्हणाला. "टपरीत बसून बाईंना सगळं दिसत होतं."

सगळे हसले. बेरिलला हसू आलं नाही. तिने शेरीचा ग्लास बाजूला सारला.

"मला नव्हतं दिसत," ती म्हणाली. "पण डेनिसलाही नव्हतं दिसत. त्याने तो गोल पाहिला नाही. माझ्यासमोर उभा होता तो, खिडकीशी. ती पाटी बदला. माझ्याच्याने त्या बाकड्यावर बसवणार नाही."

अल्फीने मीठदाणी हळूच होती तिथे ठेवली. बेरिलला वाटलं, झालं, घालवली मी त्याची अब्रू. इतकी वर्षं सांभाळली आणि एका घोट शेरीवर घालवली.

गॉर्डनने घसा खाकरला. "आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अगं, माझ्या शेजारी उभा राहायचा ना तो? मिकीने गोल मारला तसा मी उजवीकडे... नाही, डावीकडे वळलो आणि डेनिसला मिठी मारली. कडकडून मारली. चांगला मुकाही घेतला. मग बघतो तर भलताच माणूस, मिशीवाला. पोस्टमन निघाला तो. तेव्हा डेनिस तिथे नव्हता हे मला माहीत असायला नको?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," अल्फी म्हणाला. "सामना संपल्यावर हा पबमध्ये सगळ्यांत उशिरा आला, दोघातिघांचं ऐकलं आणि लगेच स्वतःच सांगायला बसला. आणि काय सांगत होता! मी तिथे होतो, पण मला त्याच्यातलं निम्मं दिसलं नव्हतं."

बेरिल एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसऱ्यांचं ऐकून, त्याला तिखटमीठ लावून डेनिसने तो गोल रचला होता हे तिला ठाऊक होतं. यांनाही ठाऊक होतं हे मात्र नव्हतं. इतक्या बैठका, इतके ग्लास, आणि एकाही माणसाने एकदाही त्याला टोकलं नव्हतं. पिऊन तर्र झाल्यावरसुद्धा नाही.

"मग ती पाटी?" तिने विचारलं. "ठाऊक असून असं कोरायला दिलंत?"

गॉर्डन कानापर्यंत लाल झाला. "तुझ्यासाठी दिलं. आम्हाला वाटलं, त्याने गोल पाहिला हे तुला खरंच वाटतं. नवरा गेलेल्या बाईला कुठे सांगायचं, की बाई गं, तुझा नवरा तेव्हा मुतारीच्या रांगेत अडकला होता म्हणून?"

"मुतारीच्या?"

"आम्ही तसंच धरून चाललो. दुसरं काय असणार? म्हणून तर कधी विचारलं नाही. कपातला गोल मुतारीत गेला असं माणूस कसं सांगेल? आपणच समजून घ्यायचं."

बेरिलला हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता डोळे वाहायला लागले तरी थांबेना, आणि ते डेनिस गेल्यापासूनचं पहिलंच धड रडणंही होतं. गॉर्डनने स्वतःचा भलामोठा रुमाल दिला. मग तिने सांगितलं, जे तिने आजवर पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

तो सबंध मोसम डेनिस मध्यंतराला चिखलातून टपरीवर यायचा, चहा घ्यायचा, हवेबद्दल एक वाक्य बोलायचा आणि जायचा. त्या दिवशी गर्दी पांगली, दुसरा हाफ सुरू झाल्याची शिट्टी वाजली, तरी तो हलेना. दोन चहा हातात, भाजत असणार. सामना सुटल्यावर मी तुला घरी सोडायला येऊ का, एवढं त्याने कसंबसं विचारलं, आणि तेवढ्यात मागे जग फाटलं. फळीवरच्या बश्या थडथडल्या. तसला आवाज तिने त्याआधी ऐकला नव्हता, पुढेही नाही.

"मी त्याला म्हटलं, आपला गोल झाला," बेरिल म्हणाली. "पळ, म्हटलं. त्याने मानसुद्धा वळवली नाही. मला म्हणाला, 'मी काहीतरी विचारलंय.'"

अल्फी, ज्याला कशानेच काही व्हायचं नाही, तो खिडकीबाहेर काहीतरी आहे असं दाखवत तिकडे बघत बसला.

"दोन चहा?" गॉर्डनने शेवटी विचारलं.

"दोन."

"दुसरा माझा होता," गॉर्डन म्हणाला. "तू हो पुढे, मी तुझा चहा घेऊन येतो, असं सांगून गेला होता हरामखोर, आणि मी समजलो वाटेत मुतारीत अडकला. अजून यायचाय."

सोमवारी सकाळीच बेरिलने मिस ओकाफोरला फोन केला. पाटी बदलायची आहे आणि बाकडंही हलवायचं आहे, गोलच्या जागेवरून टपरीच्या जागेवर. टपरीची जागा आता हिरवळीच्या अगदी कडेला, एका घराच्या कुंपणाशी येत होती. ते एक वेळ जमलं असतं, पण बाकडं हिरवळीकडे पाठ करून, कुंपणाकडे तोंड करून बसवा म्हटल्यावर बिचारी पोर गडबडली. मिसेस ट्रँटर, तिथून तुम्हाला काहीच दिसणार नाही, असं तिने दोनदा समजावून सांगितलं. बेरिल म्हणाली, मला ठाऊक आहे बाळ, तसंच बसव.

बाकडं बसलं त्या शनिवारी मंडळी जमली. मंडळी म्हणजे उरलेली, काठ्या आणि एक चाकांची खुर्ची धरून. ते गोलच्या जागेवर जमले आणि मग सगळे मिळून हिरवळीच्या दुसऱ्या अंगाने, उघड्यावरून, त्या वाटेने चालत आले जी आयुष्यभर त्यांनी टाळली होती. गवत ओलं होतं. अल्फीने बुटांवरून पहिल्या पावलापासून कुरकुर चालवली होती.

पाटीवर लिहिलं होतं: "डेनिस ट्रँटर. चहा घेऊन येतो म्हणाला."

एका घराच्या खिडकीतून कुणी बाई पडदा सारून बघत होती. इतकी म्हातारी माणसं आपल्या कुंपणाकडे तोंड करून का उभी आहेत, हे तिला कळत नसावं. बेरिल बाकड्यावर बसली आणि तिने आपल्या उजव्या हाताला गॉर्डनला बसवलं. पिशवीतून थर्मास काढला, कपात चहा ओतला, वाफ जाईपर्यंत थांबली नाही. गॉर्डनने कप दोन्ही हातांत धरला आणि नुसताच धरून राहिला.

"पी," बेरिल म्हणाली. "त्याला जरा उशीर झाला."