खुर्चीला शिवलेली आई

माझी ताई वाईट बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या द्यायला लागाल, आणि तो हक्क फक्त माझा आहे. मी दिल्यात, पोटभर दिल्यात. उपयोग शून्य.

ताईचं अल्टरेशनचं काम. पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, कुणाचं पोट सुटलं की कंबर सैल करून द्यायची. दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, भिंतीला कपड्यांची दांडी आणि मशीनच्या शेजारी आईची खुर्ची. ताईने लग्न केलं नाही. दादा परदेशात, त्याचं प्रेम फोनवरून येतं. मी शाळेची बस चालवते. सकाळची फेरी झाली की शाळा सुटेपर्यंतचा वेळ माझा, त्यातून जमेल तशी आईकडे जायचे. माझ्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा कायम फिरतीवर. म्हणून आई ताईच्या गळ्यात पडली. कुणी ठरवलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही.

आईचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी नावं गेली, मग माणसं. राहिला एक प्रश्न, "दार लावलं का?" लावलं म्हटलं की मान डोलवणार, आणि कपडा उलटा करायला लागतो तेवढ्या वेळात परत विचारणार, "दार लावलं का?" मला गंमत वाटायची. मी म्हणायचे, "लावलं गं आई, कुलूप घातलं, किल्ली गिळली." ताई मशीनवरून मानही वर न करता म्हणायची, "तुला हसू येतंय ना, मग तेवढ्यात घरी जा."

मग एकदा ताई गिऱ्हाइकाचं माप घेत असताना आई उठून चालू लागली. सापडली ती भर रस्त्यात, दोन्हीकडून गाड्या आणि मध्ये ही, चपला उलट्या पायांत घालून. त्या दिवसापासून ताईने तिला खुर्चीला शिवायला सुरुवात केली. दचकू नका, मीही समोरच होते. आईच्या गाऊनची मागची कड खुर्चीला खिळ्यांनी बसवलेल्या गादीला कच्च्या टाक्यांनी जोडायची. कच्चा टाका म्हणजे लांब लांब, सैल. माप बघण्यापुरता घालतात, टोक ओढलं की सगळा दोरा हातात. आई उठायला गेली की गाऊन अडायचा आणि ती परत टेकायची. काही दुखत नव्हतं, काही बांधलेलं नव्हतं. "दोरी नको, पट्टा नको," मी म्हटलं, "डोकं आहे हं ताई तुला."

असे बरेच महिने गेले. मग एके दिवशी ताई कुणाचा तरी कोट पोचवायला गेली होती आणि आईचा गाऊन ओला झाला. मी टाका ओढला. सुटेना. वाकून बघितलं तर कच्चा टाका नव्हताच. दुहेरी दोरा, बारीक बारीक टाके, एकाला एक खेटून, दोन्ही टोकांना पक्की गाठ. असे टाके ताई नवरदेवाच्या कोटाला घालते. घाईत पडत नाहीत ते. खुर्चीमागे निवांत मांडी घालून बसावं लागतं.

मी कात्रीने कापलं आणि आईला आत नेलं. गाऊन बदलताना मांडीवर लाल ठिपके दिसले. सुई चुकून लागते, कबूल. एखादा ठिपका असता तर मी बघितलंही नसतं. पण ते ओळीने होते, आणि चुकून कधी ओळ पडत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई दारातून आत येते न येते तोच मी सुरू झाले. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. वाटलं होतं, ती नाकारेल, रडेल, उलटून माझ्यावर ओरडेल. ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बरं झालं तू बघितलंस."

"बरं झालं?"

"पहिल्यांदा खरंच चुकून लागली गं. टाका घालताना ती हलली. आणि ती गप्प झाली. एकदम गप्प. बराच वेळ तिने दाराचं विचारलंच नाही. मी एक अख्खी पँट पूर्ण केली." ताई माझ्याकडे न बघता बोलत होती. "छोटे, इतकं बरं वाटलं मला. तुला कळणार नाही."

"मग?"

"मग मला माहीत झालं ना, की असं केलं की ती गप्प होते."

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. नंतर वाटतं. आधी वाटत नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं सांगते, मी तिथे एखादा राक्षस शोधत होते. असा दुष्टपणा कुठेतरी दिसायला हवा, डोळ्यांत, ओठांच्या कडेला, कुठेतरी. म्हणजे मला तिचा मनापासून द्वेष करता आला असता आणि मी मोकळी झाले असते. पण तोंड ताईचंच होतं. मला ताप आला की शेजारी झोपणारी, आईची कवळी रोज घासून ठेवणारी, आईच्या पाठीला एकही जखम होऊ न देणारी. तीच ही, आणि सुई टोचणारीही हीच. पाठ राखायची आणि मांडी टोचायची. हे एका माणसात कसं मावतं, हे मला आजही समजलेलं नाही. दुष्ट माणूस वेगळा असतो असं म्हणणाऱ्यांचं बरं आहे, त्यांना घरात शोधावं लागत नाही.

"तिला घेऊन जा," ताई म्हणाली. "मी रोज सकाळी ठरवते, आज नाही. आणि मग ती तोंड उघडते. मला थांबता येत नाही. घेऊन जा तिला."

दादाला फोन केला. तो म्हणाला, "राईचा पर्वत करू नकोस. ताई आहे म्हणून आई आहे." वृद्धाश्रमात विचारलं. "जागा झाली की कळवू," म्हणाले, म्हणजे आतलं कुणीतरी गेलं की. तक्रार करायची? ताईला नेतील, चार लोक थुंकतील, आणि संध्याकाळी आईला कोण भरवेल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी मी आईला उचलून माझ्या घरी आणलं आणि सासऱ्यांच्या खोलीत तिची खाट टाकली. सासरे म्हणाले, "चला, आता आम्ही दोघं मिळून तुला छळतो." भला माणूस.

आईने माझ्या घरी दाराचं एकदाही विचारलं नाही. तिने तोंडच उघडलं नाही. सूप करून बघितलं, दूध करून बघितलं, चमचा ओठांना लावला की ती ओठ आवळायची, लहान मूल औषधाला आवळतं तसे. मी गोड बोलले, रागावले, हात जोडले.

"आई, खा ना गं. मी तुझी धाकटी."

तिने माझा हात थोपटला. "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण माझ्या मुलीला बोलवा."

"मीच तुझी मुलगी."

"नाही हो. ती शिवते."

पाण्यालाही तोंड लावेना. ओठ सुकून फुटले. डॉक्टर आले, म्हणाले, "असंच चाललं तर दवाखान्यात नेऊन नाकात नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी म्हणजे हात बांधून ठेवावे लागतात. कुणाच्या हातून खातात का त्या?" मी ताईला बोलावलं. ती आधी नाही म्हणाली, मग आली. आईने तिच्या हातून वाटीभर सूप संपवलं, तोंड पुसून घेतलं, आणि ताईची बाही मुठीत धरून झोपली. डॉक्टर कौतुकाने बघत होते. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "यांच्याकडेच ठेवा." ताईने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण त्या बांधलेल्या हातांचं चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी झाल्यावर मी आईला परत घेऊन गेले. ताई दारातच उभी होती.

"कशाला आणलीस परत?" ती हळूच म्हणाली.

आईने तिला बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला ताईचा हेवा वाटला. स्वतःहून खुर्चीकडे गेली, बसली, सुस्कारा सोडला. ताईने मशीनचा खण उघडला, सगळ्या सुया एका डबीत भरल्या आणि डबी माझ्या हातात ठेवली. "ने."

"आणि काम कशाने करशील?"

तिने दांडीकडे बघितलं. मग डबी तिने परत घेतली. दांडीवर कपडे लटकलेले होते, गिऱ्हाइकं संध्याकाळी येणार होती.

"दार लावलं का?" आई म्हणाली.

"लावलं, आई," ताई म्हणाली.

मी सूप गरम केलं, भांडी घासली, आईची नखं काढली. काढायला कामं संपली तरी मी काहीतरी आवरत होते. ताईच्या ते लक्षात आलं.

"आज थांब ना," ती म्हणाली. ताईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

"शाळा सुटेल गं. पोरं उन्हात उभी राहतात."

"हो. ते पण आहेच."

"उद्या येते. लवकर येते."

"ये."

मी चपला घातल्या, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत आईने विचारलं, "दार लावलं का?" मी जिन्यात थांबले. तिने परत विचारलं, मग आणखी एकदा. मशीन चालू नव्हतं. मी ताईच्या उत्तराची वाट बघत होते, नुसतं "लावलं, आई" एवढंच. ताई काही बोलली नाही. आणि मग आई गप्प झाली, एकदम गप्प.

मी दारावर हात ठेवला. शाळा सुटायची वेळ झाली होती. मी जिना उतरले.